लहानपणीच्या सावजीत परत जेवायला जाताय? मग असं जा

पुण्या-मुंबईला नोकरी करणारा नागपूरकर सुट्टीत घरी आला की पहिले त्याला बाबांसोबत जायचो ती सावजी खानावळ आठवते, आणि जाऊन आला की हमखास म्हणतो, पहिल्यासारखी चव नाही राहिली भौ. पण नेमकं काय बदललं ते विचारलं तर सांगता येत नाही. काहून? कारण पाहिलंच नसतं.

तर आधी पोचायचं. महाल-इतवारीकडची असेल तर कार घरीच ठेवा, पार्किंगच्या नादात भूक मरते. 2022 च्या डिसेंबरपासून मेट्रो बर्डीवरून (सीताबर्डी) कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन, अग्रसेन चौक, चितार ओळी करत प्रजापती नगरपर्यंत जाते, तिनं जा आणि पुढं पायी चला. मॅपवर सावजी टाकलं तर ढीगभर पिना येतील, त्यापेक्षा चौकातल्या पानठेल्यावर विचारा. रविवारी दुपारी नको, तेव्हा अर्धं नागपूर मटणाच्या मागे असतं. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर इतवारीत जेवायला जाऊच नका, मारबत बघायची असेल तर गोष्ट वेगळी.

आत शिरायच्या आधी दारात थांबून पायाखाली बघा. सिमेंटचे रस्ते झाल्यापासून बऱ्याच जुन्या दुकानांसमोर रस्ताच वर आलाय, म्हणजे जिथं आपण लहानपणी दोन पायऱ्या चढून जायचो तिथं आता एक पायरी उतरावी लागते आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून मालकानं उंबऱ्यावर विटांचा बांध घातलेला असतो. हे सगळं फोटोत येत नाही, उभं राहूनच दिसतं.

ऑर्डर देताना पनीर सावजी, अंडा सावजी वगैरे नवीन गोष्टी बाजूला ठेवा. लहानपणी खायचात तेच मागवा, आणि मटण यायच्या आधी नुसता रस्सा वाटीत घेऊन चाखा. सावजी मुळात हलबा कोष्टी म्हणजे विणकर लोकांच्या घरचं जेवण, जुन्या पद्धतीत जवसाचं तेल असायचं, त्याचा एक उग्र वास असतो जो घशात राहतो. आता तेल बदललं असेल तर मसाला तोच असूनही जीभ म्हणणारच की काहीतरी कमी आहे. चुलीवरून गॅसवर आले असतील तरी फरक पडतो. खूर (बकऱ्याचे पाय), सुंदरी (आतडी) मिळते का तेही विचारा, मेनूतून ती गेली असेल तर गिऱ्हाईक बदललंय समजा. आणि हो, तिखट कमी लागलं तर लगेच मालकाला दोष देऊ नका, लहानपणी आपण दोन घासांत पाण्याचा जग संपवायचो, तेव्हाची जीभच वेगळी होती.

मालकाशी बोलायचं तर गर्दी ओसरल्यावर, गल्ल्यापाशी. ‘काका, चव बदलली’ असं सुरू केलं तर तो एका शब्दात उत्तर देऊन पुढचं बिल फाडेल. ‘काका, तेल कोणतं वापरता आता?’ विचारा, मग तेलाच्या भावापासून जे सुरू होईल ते ऐकत बसा.

घरच्यांसाठी पार्सल न्यायचं असेल तर स्टीलचा डबा सोबत न्या, उकळता रस्सा प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन मेट्रोत चढू नका राजेहो, कपडे आणि शेजारी दोन्ही जातील.