कावीळ, हेपॅटायटिस आणि लोहाचा रिपोर्ट: गोळी सुरू करण्याआधी काय तपासावं, कसं वाचावं

ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये मी 19 वर्षं रक्त काढते. माणूस थकलाय, फिकट दिसतोय, म्हणजे रक्त कमी झालं, म्हणजे लोहाची गोळी द्या, असं समोर बसलेले नातेवाईक मला रोज सांगतात. यकृतात हेपॅटायटिसचा, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणू असेल तर हा हिशेब चुकू शकतो. आमच्याच घरात तो चुकला होता.

माझे मोठे दीर, आम्ही त्यांना दादा म्हणतो, कोपरखैरण्याला राहतात. माथाडी कामगार. 1988 साली, धान्यबाजार अजून नवी मुंबईत आला नव्हता तेव्हा, दाणा बंदरात ट्रकवरून पडून त्यांची मांडी मोडली आणि तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं. हेपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला 1989 साली. त्यामुळे त्या बाटल्यांमध्ये तो आहे का, हे तपासायची सोय तेव्हा कुठेच नव्हती. बहुधा तिथूनच तो दादांच्या अंगात आला आणि तीस वर्षं गप्प राहिला. 2019 मध्ये सापडला. त्याआधीची दोन वर्षं ताई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, त्यांना लोखंडी कढईतली आमटी, खजूर, बीट आणि मेडिकलमधून आणलेल्या लोहाच्या गोळ्या देत होत्या. हिमोग्लोबिन 12.6 होतं, पुरुषाच्या मानाने जरा कमी, एवढ्यावरच सगळं चाललं होतं. मी पूर्ण तपासणी केली तेव्हा फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, 780 निघालं, खूपच जास्त.

दादांना मी हे बाजाराच्या भाषेत समजावलं, तुम्हालाही तसंच सांगते. फेरिटिन म्हणजे गोदाम. ट्रान्सफेरिन म्हणजे रक्तातून लोह वाहणाऱ्या हातगाड्या. रिपोर्टवर टीआयबीसी लिहिलेलं असतं, ती या सगळ्या गाड्या मिळून किती माल उचलतील याची क्षमता. आणि गेटवर एक माणूस बसलेला असतो, त्याचं नाव हेप्सिडिन. तो यकृतातच तयार होतो. गोदाम भरलं की तो आतड्याचं दार बंद करतो. हेपॅटायटिस सीमध्ये यकृत हेप्सिडिन कमी बनवतं, गेट उघडं राहतं आणि जेवणातलं लोह गरजेपेक्षा जास्त आत येत राहतं. दारूनेही हेप्सिडिन कमी होतं, म्हणून दोन्ही एकत्र असतील तर नुकसान फार वाढतं. शरीरात एकूण लोह 3 ते 4 ग्रॅम, रोज आत येतं जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम, पण जास्तीचं बाहेर टाकायला शरीराकडे वेगळी वाटच नाही. मग ते यकृतात साठतं आणि विषाणूने आधीच दुखावलेल्या पेशींना आणखी इजा करतं.

पावसाळ्यात दूषित पाण्याने होणाऱ्या ए आणि ई प्रकारच्या काविळीचं गणित वेगळं आहे. तिथे यकृताच्या पेशी एकदम फुटतात आणि आतलं फेरिटिन रक्तात सांडतं. गोदामाची भिंत पडली की पोती रस्त्यावर दिसतात, पण म्हणून माल वाढला असं होत नाही. अशा काविळीत फेरिटिन हजाराच्या वर गेलेलं मी पाहिलंय. त्या आकड्यावरून लोह जास्त झालं असं ठरवू नका. एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढणारा आकडा) खाली येऊ द्या आणि मग डॉक्टरांना विचारून तपासणी पुन्हा करा. हेपॅटायटिस बीमध्ये दोन्ही गोष्टी दिसू शकतात, सूज आणि साठाही, म्हणून तिथे एकट्या फेरिटिनवर तर अजिबात जाऊ नका.

रक्त द्यायला सकाळी या, रात्रीच्या जेवणानंतर काही न खाता. पाणी चालतं. सीरम आयर्न, म्हणजे रक्तातून वाहतं लोह, दिवसभरात वरखाली होतं, त्यामुळे गेल्या वेळी सकाळी दिलं असेल तर या वेळीही सकाळीच द्या, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये. लोहाची गोळी चालू असेल तर आदल्या दिवशी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, आणि आम्हालाही सांगा. जांभळ्या टोपीची ट्यूब सीबीसीसाठी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजण्यासाठी असते. लोहासाठी लाल किंवा पिवळ्या टोपीची लागते, कारण जांभळीतल्या रसायनाने लोहाचा आकडा बिघडतो. सुई टोचताना रक्त नीट आलं नाही आणि नमुना लालसर झाला, तर पुन्हा द्यायला कुरकुर करू नका. फुटलेल्या लाल पेशींमुळेही आकडे खोटे येतात.

एकटं फेरिटिन कधी मागू नका. सोबत सीरम आयर्न, टीआयबीसी, एसजीपीटी, सीआरपी (अंगात सूज आहे का ते सांगणारी तपासणी) आणि सीबीसी असू द्या. मग घरीच एक भागाकार करा: आयर्न भागिले टीआयबीसी, गुणिले 100. दादांचं आयर्न 168, टीआयबीसी 290, म्हणजे 58 टक्के. साधारण 20 ते 45 टक्के ठीक मानतात. 45च्या वर आणि फेरिटिनही जास्त, तर खरोखर साठा आहे का हे डॉक्टरांनी बघायलाच हवं. फेरिटिन जास्त पण टक्केवारी ठीक असेल, तर ते बहुतेकदा सुजेचं असतं. सिऱ्होसिस झालेल्या, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालेल्या माणसात हा भागाकारही फसवतो. ट्रान्सफेरिन यकृतच बनवतं, त्यामुळे गाड्या कमी पडतात आणि थोडा मालही खूप वाटतो.

आता उलटी बाजू, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. हेपॅटायटिस आहे म्हणून लोह सगळ्यांनाच बंद, असं नाही. सिऱ्होसिसमध्ये अन्ननलिकेच्या शिरा फुटून रक्त जातं, शौचाला डांबरासारखी काळी होते, तेव्हा लोह खरंच संपलेलं असू शकतं. (लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, म्हणून गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, पण दाखवायला उशीर करू नका.) हेपॅटायटिस बी असलेल्या गरोदर बाईने आरोग्य केंद्रातून मिळालेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात सोडू नयेत. फेरिटिन 30च्या खाली असेल तर कमतरता पक्कीच. सूज असताना फेरिटिन 100पर्यंत असूनही टक्केवारी 20च्या खाली असेल, तरी कमतरता असू शकते.

दादांच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद केल्या, दारू पूर्ण बंद केली आणि चिंच-कोकमाचं आंबट लोखंडी कढईत शिजवू नका म्हणून सांगितलं. आंबटाने कढईतलं लोह सुटतं. पालेभाजी, डाळ, फळं काहीच बंद केलं नाही. भाजीतलं लोह तसंही कमी शोषलं जातं. तिसऱ्या आणि कालवं ही शिंपल्यांतली मासळी मात्र पूर्ण शिजवूनच खायची, अर्धीकच्ची कधीच नाही. यकृत दुखावलेलं आणि लोह वाढलेलं असेल, तर समुद्राच्या पाण्यातला एक जंतू रक्तात शिरून जीव घेऊ शकतो. पायाला जखम असताना खाडीच्या पाण्यात उतरणंही म्हणूनच नको.

खरा उपाय विषाणूवरचा. 28 जुलै 2018ला राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात हेपॅटायटिस सीची औषधं मोफत मिळतात. दादांनी 12 आठवडे गोळ्या घेतल्या, एक दिवस चुकवला नाही. ताई रोज कॅलेंडरवर फुली मारायच्या. त्यानंतर 12 आठवड्यांनी विषाणूची तपासणी केली, सापडला नाही. अँटीबॉडीची (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या प्रथिनांची) तपासणी पुढेही पॉझिटिव्हच येते, त्याला घाबरायचं नाही.

गोळ्या, दारू आणि कढईतलं आंबट बंद करण्यापलीकडे लोहासाठी वेगळं काहीच केलं नव्हतं. सहा महिन्यांनी मीच त्यांचं रक्त काढलं: फेरिटिन 210, आयर्न 98, टीआयबीसी 288, म्हणजे 34 टक्के. हिमोग्लोबिन 13.9. ताईंना फोन करून मी एकेक आकडा सावकाश सांगितला आणि त्यांनी तो वहीत लिहून घेतला.