काँक्रीटमध्ये टायरचा चुरा घालताना
वाळूच्या जागी टायरचा चुरा घालायचा तर वजनाने नाही, आकारमानाने मोजा. वाळूचं विशिष्ट गुरुत्व (म्हणजे पाण्याच्या किती पट जड) साधारण २.६५, रबराचं १.१५ च्या आसपास; वजनाने घेतलात तर चुरा दुपटीहून जास्त पडतो. पायवाटेच्या काँक्रीटमध्ये मी वाळूच्या १० टक्क्यांपुढे जात नाही, कारण रबर वाढलं की ताकद उतरतेच. कॉलम-बीममध्ये तर हे मिश्रण अजिबात नको.

चुऱ्यावरून आधी लोहचुंबक फिरवा, केसासारख्या बारीक तारा निघतात. मग धुऊन निथळू द्या; धुळकट रबराला सिमेंट धरत नाही. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर बेतानेच चालवा. पहिल्या वेळी मी तो जास्त चालवला आणि हलके काळे कण तीळ पेरल्यासारखे वर तरंगून आले. अख्खा थर खरवडून काढावा लागला.