ऑफिसचा ग्रुप घेऊन मालवण-तारकर्लीला जाताय? मग पहिला फोन रूमसाठी नाही, जेवणासाठी करा

ऑफिसमध्ये बीचवर जायचं ठरलं की रूम कुठे, गाडी कुठली, स्कुबा करायचं का यावर दोन दिवस चर्चा चालते आणि जेवणाचं मात्र 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून सोडून देतात. मी मूळची मालवण तालुक्यातली, नोकरी पुण्यात, आणि गेली बरीच वर्षं ऑफिसमधल्या कुणा ना कुणाला गावाकडे घेऊन जाते. माझं मनापासून सांगणं आहे की हे उलटं करा. आधी जेवण ठरवा, मग समुद्राची वेळ बघा, आणि मग बाकीचा प्लॅन त्याभोवती बसवा. तिकडे मासा आणि पाणी दोघंही आपल्या घड्याळावर चालत नाहीत.

पहिल्यांदा नेलं तेव्हा आम्ही १३ जण होतो. तारकर्लीच्या पाण्यातून निघायला उशीर झाला आणि पावणेतीनला तसेच ओले एका खानावळीत जाऊन बसलो, फोनबिन काही केलेला नव्हता. खानावळ चालवणाऱ्या काकींनी नाही म्हटलं नाही. सुरमईचे चार तुकडे शिल्लक होते ते तळले, घरच्यांसाठी ठेवलेले बांगडे काढले, पुन्हा नारळ खवून वाटप (खोबऱ्याचं वाटण) लावलं, आणि आम्ही तासभर सोलकढी पीत बसलो. जेवण चांगलंच होतं, पण त्या घरातली माणसं त्या दिवशी काय जेवली असतील हे मला आजही आठवलं की वाईट वाटतं. तेव्हापासून फोन केल्याशिवाय मी कुणाकडे जेवायला जात नाही.

घरगुती खानावळ चालते कशी ते एकदा समजून घ्या म्हणजे फोन का करायचा ते कळेल. सकाळी बंदरावर किंवा बाजारात मासे घेतले जातात ते माणसं मोजून. ओल्या खोबऱ्याचं वाटप ताजं असतं, सोलकढीसाठी काढलेलं नारळाचं दूध तर जास्त वेळ टिकतच नाही. फ्रीजरमध्ये मासा भरून ठेवून वर्षभर तीच चव देणारी ही जागा नाही, आणि म्हणूनच तर आपण तिथे जातो ना. तुम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी फोन केलात की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "कितके जण आसास? कितके वाजता येतलास?" या दोन प्रश्नांची पक्की उत्तरं तुमच्याकडे पाहिजेत. 'दहा-बारा असू' असं सांगू नका. १० की १२ ते सांगा, शाकाहारी किती ते सांगा, लहान मुलं असतील तर तेही. आणि वेळ दुपारी एकची सांगितलीत तर एक वाजताच पोहोचा. रात्री साडेनऊनंतर गावातल्या बऱ्याच चुली बंद होतात, मुंबई-पुण्याच्या सवयीने अकराला जेवायला निघालात तर उपाशी राहाल.

मी असा मेसेज पाठवते, हवा तर कॉपी करा: 'काकी, उद्या दुपारी १ वाजता आम्ही ११ जण येतोय. ८ मासे खाणारे, ३ शाकाहारी. एकाला कोलंबी, तिसऱ्या, कुर्ल्या चालत नाहीत, ॲलर्जी आहे. ताजं काय मिळेल ते तुम्ही ठरवा, फक्त माशांचे भाव सकाळी कळवा.' तिसऱ्या म्हणजे शिंपले, कुर्ल्या म्हणजे खेकडे. ॲलर्जीचं आधीच सांगणं फार महत्त्वाचं आहे, कारण कोलंबी तळलेल्या त्याच तेलात पुढचा मासा पडतो आणि ऐनवेळी तवा वेगळा करता येत नाही. दर विचारायला लाजू नका. पापलेट, सुरमई, कुर्ल्या यांचे भाव रोज बदलतात, मेन्यूवर नुसतं 'साइजप्रमाणे' लिहिलेलं असतं. आधी विचारलं तर कुणालाच वाईट वाटत नाही, बिल आल्यावर वाद घातला तर सगळ्यांनाच वाटतं.

काय मागवायचं? ऑफिसच्या ग्रुपमधे सगळे एकजात सुरमई थाळी मागतात हे मला अजिबात पटत नाही. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा मासा खायचाय त्याला सुरमई द्या, मधे एकच मोठा काटा असतो, घशात अडकायची भीती कमी. बाकीच्यांनी थाळी कुठलीही घ्या पण मधे ठेवायला दोन-तीन वेगळ्या प्लेट मागवा. तळलेला लेपा (चपटा मासा), मुडदुशे मिळाले तर मुडदुशे (बारीक मासा, पण चवीला इतका नाजूक की काटे काढायची मेहनत वसूल होते), तिसऱ्यांचं सुकं, आणि बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं. तिरफळ चावून खायचं नसतं, ते नवीन माणसाला आधीच सांगा, नाहीतर जीभ बधिर होते आणि तो घाबरतो. सोलकढी सुरुवातीला ग्लासभर पिऊन पोट भरू नका, शेवटच्या भातावर घ्या. रात्रीला कोंबडी-वडे हवे असतील तर दुपारीच सांगून ठेवा, वड्याचं पीठ भिजवून ठेवावं लागतं.

एक गोष्ट सीझनची. राज्यात १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी असते, जून-जुलैमधे यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, माशांची अंडी घालायची आणि वाढायची वेळ असते ती. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करतात, तोवर ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका, मिळाली तर ती बर्फातली किंवा बाहेरून आलेली. पावसात गेलात तर सुकं मागा, सुक्या बांगड्याची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर), सोडे (सुकवलेली कोलंबी), सोबत कुळथाची पिठी आणि गरम भात, बाहेर पाऊस कोसळत असताना याच्यापुढे मला तरी दुसरं काही नको वाटतं.

आता शाकाहारी मंडळी. दर ऑफिसमधे तीन-चार जण असतातच आणि त्यांच्या पानात कायम बटाट्याची भाजी आणि वरण येतं, पैसे मात्र सारखेच घेतले जातात. हे मला खूप खटकतं, कारण मालवणी शाकाहारी जेवण इतकं समृद्ध आहे की मासे खाणारेही त्यावर तुटून पडतील. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी, फणसाची भाजी, उन्हाळ्याच्या तोंडावर गेलात तर ओल्या काजूची उसळ, नाश्त्याला घावणे आणि खोबऱ्याची चटणी, गोडात रसातले शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया, नारळाच्या दुधात गूळ घालून केलेल्या रसात. पण हे सगळं सांगितल्याशिवाय होत नाही, शिरवाळे तर नक्कीच नाही, ते साच्यातून दाबून काढायला दोन माणसं लागतात. वेगळा तवा, वेगळी भांडी पाहिजे असतील तर तेही स्पष्ट विचारा, सगळीकडे ते जमत नाही, मग त्या दिवशी दुसरी खानावळ बघा. आणि तारीख ठरवताना कॅलेंडर उघडा, संकष्टी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार. आमच्या ग्रुपमधले दोघं एकदा संकष्टीच्या दिवशी समोर तळलेली कोलंबी बघत साबुदाण्याची खिचडी खात होते. चूक तारीख ठरवणाऱ्यांची होती, त्यांची नाही.

पैशाचं निघायच्या आधी बोला. टीटीएमएम (तू तुझं मी माझं) मित्रांच्यात चालतं, ऑफिसमधे तुमच्याबरोबर टीम लीडही असतो आणि सहा महिन्यांपूर्वी जॉइन झालेली मुलगीही असते, दोघांचा पगार एक नाही. आम्ही करतो ते असं: राहणं, गाडी आणि साधी थाळी यांची कॉन्ट्री सगळ्यांची सारखी, आधीच जमा. महागडे मासे आणि कुर्ल्या ज्याने खाल्ल्या त्याने वेगळे द्यायचे. दारूचा हिशोब पूर्ण वेगळा आणि तो फक्त पिणाऱ्यांचा, न पिणाऱ्यांच्या डोक्यावर एक रुपया नको. घरगुती खानावळीत आणि होमस्टेमधे दारू चालते का ते आधी विचारा. ते कुणाचं तरी घर असतं, पलीकडच्या खोलीत आजी झोपलेली असते आणि पोरं अभ्यास करत असतात. रोख पैसे ठेवा, किनाऱ्याजवळ नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही आणि ११ जणांचं बिल अडकतं. आणि कुणाचेही पाण्यातले फोटो न विचारता ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका, हे मुलींसाठी सांगतेय तसं साहेबांसाठीही सांगतेय.

आता समुद्र. हे नीट वाचा.

आमच्याकडची जुनी माणसं भरतीची वेळ ॲपवर बघत नाहीत, तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. म्हणजे पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, तेव्हा पावणेचारच्या आसपास भरती पूर्ण, आणि त्याच्या सहा तास आधी म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आगेमागे भरती आणि सूर्यास्ताला पाणी लांब गेलेलं. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, एक ते पंधरा असंच मोजायचं. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि ओढ जोरात असते. अष्टमीच्या जवळपास भांग असते, तेव्हा फरक कमी. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघून घ्याच, पण प्लॅन करायला हा हिशोब पुरतो.

याचा जेवणाशी काय संबंध? सगळा संबंध आहे. पाण्यात उतरायचं ते पाणी चढत असताना. ओहोटी लागली की समुद्र आत ओढतो, तेव्हा बाहेर यायचं. मग पंचमीला तुम्ही अकराला पाण्यात उतरून साडेबाराला बाहेर, विहिरीवर किंवा शॉवरखाली अंघोळ, कोरडे कपडे, एकला जेवायला. पौर्णिमेला सकाळी आठ ते दहा पाण्यात आणि संध्याकाळी फक्त वाळूवर चालणं, क्रिकेट, सूर्यास्त. भरपेट जेवून किंवा पिऊन पाण्यात जायचं नाही, यावर माझ्या ग्रुपमधे चर्चाच होत नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम दिसायला फार सुंदर आहे पण तिथे पोहू नका, नदीच्या मुखाशी ओढ कायम असते, तो होडीतून बघायचा. कुणी ओढीत सापडलाच तर किनाऱ्याकडे सरळ पोहायचा प्रयत्न न करता किनाऱ्याला समांतर पोहायचं, ओढीची पट्टी अरुंद असते, बाजूला सरकलं की सुटका होते. हे सगळ्यांना पाण्यात उतरायच्या आधी सांगा. गाडी वाळूत घालू नका, भरतीत अडकलेल्या गाड्या काढायला गावातलीच माणसं धावतात.

सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मालवण जेटीवरून मिळते, पावसाळ्यात बंद असते. किल्ला बघायला सकाळी लवकर जा, आत सावली कमी आहे. बाकी त्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे.

मला जास्त सांगायचंय ते रापणीबद्दल. एखाद्या सकाळी किनाऱ्यावर पंधरा-वीस माणसं दोन बाजूंनी लांब दोर ओढताना दिसली तर ती रापण. होडीने जाळं अर्धगोल टाकून आणायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढायची, तासन् तास चालतं. लांब उभं राहून शूटिंग करण्यापेक्षा जवळ जाऊन 'हात लावू का' विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात. दोर पायाखाली घेऊ नका, जाळं ओलांडू नका. आमचे ऑफिसमधले लोक, दिवसभर खुर्चीत बसणारे, अर्धा तास ओढून हात लाल झाले, आणि जाळं वर आलं तेव्हा तारल्या, बांगडे, बारीक सौंदाळे वाळूत चमकत होते. तिथेच मासे विकत घेतले, घासाघीस केली नाही, कारण किती माणसांचा त्यात वाटा असतो ते नुकतंच बघितलं होतं, आणि पिशवी घेऊन काकींकडे गेलो. आपण आणलेले मासे बऱ्याच ठिकाणी करून देतात, करण्याचे पैसे वेगळे घेतात, फक्त सकाळी नऊच्या आत नेऊन द्यायचे. घेताना कल्ले उचलून बघा, लालबुंद पाहिजेत, डोळा स्वच्छ, आणि बोटाने दाबलं तर मांस परत वर आलं पाहिजे.

जायचं कसं ते थोडक्यात. मुंबईहून रात्रीची कोकणकन्या सकाळी कुडाळला सोडते, तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर, एसटी आहे, ग्रुप असेल तर गाडी आधी सांगून ठेवा. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, लाँग वीकेंडला ते उघडल्या दिवशीच काढा. पुण्याकडून टेम्पो ट्रॅव्हलरने येत असाल तर कोल्हापूरमार्गे घाट उजेडात उतरा. मे महिन्यात आंबे असतात पण गर्दीही तेवढीच, मला स्वतःला नोव्हेंबर ते फेब्रुवारी आवडतं.

निघायच्या दिवशी बाजारातून खाजं (गुळात घोळवलेली बेसनाची जाड शेव), आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि घरगुती मालवणी मसाला घ्या. सुके मासे घेतलेत तर तीन पिशव्यांत बांधून वर डबा, ट्रेनच्या डब्यात शेजारच्यांना वास जायला नको. आणि काकींना आदल्या रात्रीच सांगून ठेवा, गाडीसाठी घावणे आणि सुकी चटणी केळीच्या पानात बांधून देतात. माणशी चार सांगा, तीन कमी पडतात.