२०९ प्रायमर आणि ब्रीच प्लग: फिटिंग नीट कसं करायचं

हे इनलाइन मझललोडरवाल्यांसाठी आहे, म्हणजे नळीच्या तोंडातून पावडर आणि गोळी भरायच्या, आणि ज्यात मागून २०९ शॉटगन प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) बसतो त्या रायफली. हा प्रायमर नळीच्या मागच्या टोकाला आट्यांनी बसवलेल्या ब्रीच प्लगमध्ये जातो. आमच्या ओहायोत जानेवारीत मझललोडर सीझन असतो आणि दरवर्षी रेंजवर कोणीतरी भेटतंच, बोल्टवर (प्रायमरला मागून टेकणारा भाग) काजळी, स्कोपच्या काचेवर काजळी, आणि ग्रुप, म्हणजे निशाण्यावरचा गोळ्यांचा पुंजका, का पसरतोय ते कळत नाही. पावडर बदलतात, सॅबो (गोळीभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर) बदलतात. प्लग मात्र कोणी बघत नाही.

रायफल रिकामी आहे ना ते गज नळीत घालून, गजावरची रिकाम्या नळीची खूण बघून खात्री करा. प्लग काढा, साफ करा, आट्यांना अँटी-सीझ (आट्या जाम होऊ नयेत म्हणून लावायचं ग्रीस) लावा, परत बसवा. बस.

आता खरं काम. प्रायमर उडला की गॅस पुढे जातो, पण पावडर पेटल्यावर तोच दाब फ्लॅश होलमधून (प्लगमधलं बारीक भोक) मागे येतो आणि प्रायमरला बोल्टच्या तोंडावर ढकलतो. प्रायमरच्या मागे फट असेल तर तो मागे सरकतो आणि गॅस त्याच्या कडेने बाहेर पडतो. मला हे कळायला दोन सीझन लागले, कारण दुकानात सांगितलं होतं की प्लग अजून घट्ट आवळ, आणि मी पान्याने आवळत बसलो. आवळून ही फट जात नाही हो! एका शॉटला गरम गॅस गालावर आला, त्या दिवशी चष्मा होता म्हणून डोळा वाचला. चष्म्याशिवाय एकही शॉट मारू नका.

फट अशी मोजा. उडवलेला प्रायमर घ्या, जिवंत अजिबात नको, आणि पिनच्या खड्ड्याभोवती फुगवटा नसलेला, मागून सपाट असा निवडा, नाहीतर माप खोटं येतं. त्याच्या बुडाला साध्या चिकटपट्टीचा एक थर लावा, कडेबाहेर आलेला कापून टाका, प्लगमध्ये बसवा आणि अ‍ॅक्शन (प्रायमरमागे बंद होणारी रायफलीची यंत्रणा) हळू बंद करा. एक थर साधारण २ हजारांश इंच. काहीच जाणवलं नाही तर दुसरा थर, मग तिसरा, हाताला हलका अडसर लागेपर्यंत. जितके थर लागले तितकी तुमची फट. मला पट्टी न लावताच तो हलका अडसर हवा असतो, त्याहून सैल मी ठेवत नाही.

फट भरायला प्रायमरच्या कडेखाली बसणारे पातळ शिम वॉशर मिळतात, काही जण छोटी रबरी ओ-रिंग घालतात. मी शिमच वापरतो, ओ-रिंग उष्णतेने खराब होते आणि कधी झाली ते दिसत नाही. एकेक शिम घालून परत टेस्ट करा. जास्त झालं तर अ‍ॅक्शन पूर्ण लॉक होत नाही किंवा उडलेला प्रायमर अडकून बसतो. आणि जिवंत प्रायमर घालून अ‍ॅक्शन जड लागली तर जोर करायचा नाही, काढायचा, एक शिम कमी करायची. प्रायमरला टेफ्लॉन टेप गुंडाळा, प्लग फाइलने घासा असले सल्ले मनावर घेऊ नका, घासलेला धातू परत येत नाही.

प्रत्येक ब्रँडच्या प्रायमरची लांबी थोडी वेगळी असते, त्यामुळे ब्रँड बदलला की पट्टीची टेस्ट पुन्हा. घाण प्लगवर तर मोजूच नका, खोबणीत कार्बन साठला की प्रायमर आधीच मागे राहतो आणि फिट छान वाटतं, साफ केलं की फट परत हजर.

फ्लॅश होल बऱ्याच प्लगमध्ये ०.०३० इंचाच्या आसपास असतं आणि शॉट मारून मारून मोठं होतं, मग फिट कितीही चांगलं असलं तरी मागे येणारा दाब वाढतो. नवीन असतानाच वायर गेजने (ठरावीक जाडीच्या तारांनी भोक मोजायचं साधन) मोजून लिहून ठेवा. ४-५ हजारांश वाढलं की प्लग बदला, आणि नव्या प्लगवर चिकटपट्टी पहिल्या थरापासून.