हाड मोडलं? आधी बोटं बघा

अंबाजोगाईत एका हाडांच्या दवाखान्यात मी प्लास्टर घालतो. अंगात 206 हाडं. खांदा आणि कंबर धरून त्यातली 126 हातापायांची. आमच्या टेबलावर येतात ती बहुतेक यातलीच.

पेशंट आला की एक्स-रेच्या आधी मी बोटं बघतो. गावात तुम्हीही तेच करा. मोडलेल्या बाजूचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं तर रक्त पोचतंय. बोटं गार, निळसर पडली, मुंग्या येतात, किंवा हळूच सरळ केली तरी लेकरू किंचाळतं, तर कुणाची वाट बघू नका, 108 ला फोन लावा.

मग पडलं कसं ते विचारा, अर्धं निदान तिथंच होतं. लिंबावरून हात टेकून पडलेल्या लेकराचं कोपराच्या वरचं हाड किंवा गळ्याचं हाड जातं. गळ्याचं हाड बारीक असतं, पण हात धडाला हाडानं जोडलाय तो फक्त त्याच्यामार्फत. न्हाणीत घसरलेल्या म्हातारीचं मनगट नाहीतर खुबा. खुबा मोडला की तो पाय आखूड दिसतो, पंजा बाहेर कलंडतो. तिला उठवून चालवून बघायचं नाही, कितीही म्हणाली तरी. जवान पोराच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबून दुखलं, तर पहिला एक्स-रे साफ आला तरी दहा-बारा दिवसांनी परत काढा. तिथलं छोटं हाड सुरुवातीला फोटोत लपतं.

आता बांधायचं कसं. बांगड्या, अंगठी, जोडवी आधी काढा. सूज चढल्यावर कापावी लागतात. वाकडं आहे तसंच राहू द्या, ओढून सरळ करू नका. हाताला तळव्यापासून कोपराच्या पुढपर्यंत घडी घातलेला पेपर किंवा पुठ्ठा, आत मऊ कापूस नाहीतर जुनं धोतर. मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे हलता कामा नयेत. उपरण्यानं गळ्यात अडकवा. बोटं उघडी ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी बघा. जखम असेल तर स्वच्छ ओलं फडकं ठेवा, हळद नको.

हाडवैद्याच्या कामट्या हा आमच्याकडचा खरा घोळ. त्याचा हात चांगला असेलही, पण वर करकचून आवळलेली पट्टी आत सूज वाढली की सैल होत नाही. स्नायूंचं रक्त तुटतं, काही तासांत ते मरतात आणि बोटं कायमची आखडतात. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी हे 1881 मध्येच लिहून ठेवलंय. माझ्या टेबलावर ते अजून येतं, बहुतेक लहान लेकरांचं. हाड परत जुळतं हो, मेलेला स्नायू नाही.

उसाची ट्रॉली अंगावर आली, कंबर दुखते म्हणतो, तर वेगळं वागा. कमरेचं कडं तुटलं की रक्त आतल्या आत जातं, बाहेर थेंब दिसत नाही. मांडीचं हाड मोडलं तरी लिटरभर सहज जातं. रुंद घडीचं लुगडं कमरेला नव्हे, त्याच्या खाली, मांड्यांच्या वरच्या उंचवट्यांवरून गच्च बांधा. कूस बदलवू नका.

आणि निघताना चहा पाजू नका. ऑपरेशन लागलं तर भूल द्यायला पोट रिकामं लागतं. कपभर दुधाच्या चहापायी सहा तास थांबावं लागतं.