बांबूची गळकाठी आणि काठावरची साधने: घरी बनवताना या चुका टाळा

नदीच्या किंवा खाडीच्या काठावर बसून मासे गरवणाऱ्याला साधने मोजकीच लागतात: एक काठी, ती टेकवण्यासाठी जमिनीत रोवायची बेळकी, मासा वर घेण्याची हातजाळी, पाण्यावर तरंगणारा बोया आणि मासे ठेवायची करंडी. कोकणात आणि गोव्यात ही सारी साधने आजही बांबू आणि वेतापासून घरच्या घरी करता येतात, आणि नीट केलेली साधने वर्षानुवर्षे टिकतात. तरीही हौसेने केलेली बहुतेक साधने पहिल्या पावसाळ्यातच फाटतात, वाकतात किंवा त्यांतून पिवळसर पीठ गळू लागते, आणि दोष मात्र बांबूवर जातो. माझ्या अनुभवात या बिघाडांचे मूळ जवळजवळ नेहमी पाण्यातच सापडते; एक तर तोडतेवेळी बांबूत असलेले पाणी बाहेर पडू दिलेले नसते, नाही तर आपण चुकीच्या जागी दिलेल्या कापातून नवे पाणी आत शिरलेले असते.

पहिली चूक बांबूच्या बेटातच होते. हिरवागार, तुकतुकीत, सरळ बांबू नजरेत भरतो आणि नेमका तोच कोवळा असतो. वर्षभराच्या बांबूवर पांढरट भुकटी आणि पेरांभोवती आवरणाचे अवशेष दिसतात. असा बांबू वाळताना आकसतो, सुरकुततो आणि त्याला भुंगेरेही लवकर लागतात. तीन-चार वर्षांच्या बांबूचा रंग मंदावलेला असतो, अंगावर दगडफुलासारखे राखाडी डाग असतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकल्यावर त्याचा आवाज टणक येतो. जातीचाही विचार हवा. सिंधुदुर्ग, गोवा आणि उत्तर कन्नड या पट्ट्यात मिळणारा माणगा जवळजवळ भरीव आणि बिनकाट्यांचा असल्यामुळे काठी आणि बेळकी या दोन्हींसाठी तो उत्तम आहे; कळक मात्र पोकळ आणि काटेरी असल्यामुळे करंडीच्या कामट्यांसाठी बरा, पण शेंड्याकडे बारीक होत जाणाऱ्या काठीसाठी त्याचा उपयोग कमी.

तोडीच्या हंगामाबद्दल गावात ठाम मते असतात. वद्य पक्षात तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही, असे जुनी माणसे सांगतात. ते पाळण्यात तोटा नाही, परंतु चंद्रापेक्षा हंगाम आणि वय यांना मी अधिक महत्त्व देतो. पावसाळ्यात बेट नव्या कोंबांना पोसत असते, तेव्हा तोड केल्यास बेटाचेही नुकसान होते आणि रसाने भरलेली काठीही नीट वाळत नाही. म्हणून पाऊस पूर्ण थांबल्यानंतर, नोव्हेंबर ते जानेवारी या काळात तोड करावी. भुंगेऱ्यांना बांबूतला पिष्टमय पदार्थ हवा असतो, आणि तो कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे तोडलेल्या काठ्या दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवणे. पाण्याला वास येतो, शेजारी कुरकुरतात, पण उपाय खात्रीचा आहे. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बांबू भिजवण्याची पद्धतही चांगली आहे. मात्र ही द्रव्ये पाण्यात विरघळणारी असल्यामुळे वरून रोगण न देता तशीच काठी पाण्याकाठी वापरली, तर पहिल्या दोन-चार पावसांत ती धुऊन जातात, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. मासे ठेवायच्या करंडीला तर असले कोणतेही रसायन लावू नये.

यानंतरची चूक म्हणजे घाई. ओला बांबू उन्हात टाकला की बाहेरचा थर आतल्या थरापेक्षा लवकर आकसतो आणि काठी उभी तडकते. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, उभी किंवा टांगून ठेवलेली काठी वाळायला दोन ते तीन महिने घेते, आणि भरीव माणगा त्याहूनही अधिक. पूर्वी घराघरांत चुलीवरच्या माळ्यावर बांबू ठेवत असत. मंद ऊब आणि धूर यांमुळे तो वाळायचाही आणि किडीपासून वाचायचाही. आता चूल नसेल, तर काठी वाळली की नाही हे अंदाजाने ठरवण्याऐवजी दर आठवड्याला तिचे वजन करावे. सलग दोन-तीन आठवडे वजन घटले नाही, की काठी तयार झाली असे समजावे. ओल्या काठीवर रोगण देणे ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे, कारण आत अडकलेली ओल रोगणाला फोड आणते आणि त्याखाली काळी बुरशी धरते. मग सगळे खरवडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

काठी सरळ करण्यासाठी ती निखाऱ्यांवर किंवा मंद आचेवर फिरवत गरम करतात. बांबूच्या अंगावर तेलकट घाम फुटला की तो नरम झाला असे समजून हव्या त्या दिशेने दाबायचा आणि ओल्या फडक्याने गार होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. येथे दोन धोके आहेत. एकाच जागी आच धरली तर बांबू करपतो आणि करपलेल्या जागी पुढे तो मोडतोच. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. पोकळ बांबूच्या प्रत्येक पेरात दोन गाठींच्या पडद्यांमध्ये हवा आणि ओल कोंडलेली असते, ती तापली की पेर फुटते. माझी पहिली काठी अशीच फुटली. आवाज सुतळी बॉम्बसारखा झाला आणि चिपळ्या अंगणभर उडाल्या, सुदैवाने कोणाला लागले नाही. म्हणून आच दाखवण्यापूर्वी लांब तापवलेल्या सळीने आतले पडदे फोडावेत किंवा प्रत्येक पेरात गिरमिटाने बारीक छिद्र पाडावे. ही छिद्रे काम झाल्यावर मेणाने किंवा इपॉक्सी गोंदाने बुजवायची असतात, नाही तर पाणी शिरण्याची सोय आपणच करून ठेवल्यासारखे होते.

काठी गुळगुळीत दिसावी म्हणून साल तासणे आणि गाठी कानशीने सपाट करणे ही नवशिक्यांची आवडती चूक आहे. बांबूची ताकद सालीखालच्या दाट तंतूंमध्ये असते, आणि पोटाकडे ते तंतू विरळ होत जातात. साल काढली की काठीचा कणाच काढला असे होते. इंग्लंडमध्ये बांबूच्या चिरलेल्या सहा पट्ट्या चिकटवून ज्या गळकाठ्या करतात, त्यांतही कारागीर पट्ट्यांच्या आतल्या बाजू रंधतो आणि सालीकडची बाजू शक्यतो राखतो. तिथले नामवंत गरवणारे रिचर्ड वॉकर यांनी १९५२ मध्ये रेडमायर तळ्यातून ४४ पौंडांचा कार्प मासा काढला, तो अशाच चिरलेल्या बांबूच्या काठीवर. साल मेणचट असल्यामुळे तिच्यावर रोगण धरत नाही, ही अडचण खरी आहे. तिला उपाय एवढाच की, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून चकाकी घालवावी आणि तिथेच थांबावे. काजूच्या टरफलाचे तेल होड्यांना लावतात म्हणून काहीजण तेच काठीलाही लावतात. ते पाण्याला उत्तम अडवते, परंतु कच्चे तेल कातडीला लागले की फोड येतात, त्यामुळे हाताने धरायच्या भागावर ते वापरू नये.

आता बेळकीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हे साधन सर्वांत साधे दिसते आणि सर्वांत जास्त तेच मोडते. जमिनीत रोवायचे टोक पेराच्या मध्यावर कापले, तर खाली पोकळ नळी उरते. ती दगडावर आपटताच फाटते आणि चिखल आत जाऊन कुजू लागते. खालचा काप गाठीच्या लगेच खाली, तिरका द्यावा, म्हणजे टोकाला गाठीचा भरीव भाग येतो. मुसळाला असते तशी लोखंडी शेंबी बसवली तर उत्तमच. वरचे टोकही गाठीच्या लगेच वर कापावे, नाही तर काठीच्या माथ्यावर वाटी तयार होते आणि पावसाचे पाणी त्यात साचून राहते. बेळकी ठोकताना माथ्यावर लाकडी ठोकळा धरावा. जांभ्या दगडाच्या काठावर बांबू ठोकण्याचा हट्ट करू नये. आधी पहारेने भोक पाडून मग त्यात बेळकी बसवावी.

वरचा दुभंग करण्यासाठी बांबूचे टोक चिरून त्यात पाचर मारण्याची पद्धत मी पाहिली आहे, आणि ती टिकल्याचे मात्र पाहिलेले नाही, कारण चीर हळूहळू खाली उतरत जाते. चिरायचेच असेल तर आधी चिरेच्या शेवटाखाली मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट आवळण करावी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे पेरूच्या फांदीचे दुबेळके तासून बांबूच्या पोकळीत इपॉक्सीने बसवणे. मुले बेचकीसाठी पेरूचीच फांदी का शोधतात, हे त्या लाकडाचा चिवटपणा पाहिला की कळते. साधा पांढरा गोंद येथे चालत नाही, तो भिजला की सुटतो. आणि बेळकी कितीही पक्की असली तरी काठीच्या बुडाला दोरी बांधून ती बेळकीला अडकवावी. मोठी शेंगटी मासळी लागली तर काठी पाण्यात ओढली जायला क्षणही लागत नाही.

बांबूत थेट खिळा किंवा स्क्रू घालू नये. जिथे छिद्र पाडायचे तिथे दोन्ही बाजूंना आवळण करून मग गिरमिटाने सावकाश छिद्र पाडावे. तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, फक्त काठीच्या शेंड्याला गाठ मारून बांधणे हीसुद्धा चूकच आहे. शेंडा मोडला की मासा, गळ आणि तंगूस तिन्ही एकदम जातात. जुने गरवणारे तंगूस काठीभोवती सैल वेढे देत खाली आणून जाड भागाला बांधतात, त्यामागचे कारण हेच आहे.

हातजाळीचा दांडा लांब असावा हे खरे, पण दांड्याच्या टोकाला धरून मासा सरळ वर उचलणे म्हणजे सगळे वजन जोडावर टाकणे. जाळी मासा घेऊन पाण्यातच असताना दांडा हाताहाताने मागे ओढून घ्यावा आणि जाळीचे गोल कडे धरून वर घ्यावे. कड्यासाठी वेत कोरडा वाकवला तर बाहेरच्या अंगाला तडे जातात. तो गरम पाण्यात किंवा वाफेवर नरम करून साच्याभोवती वाकवावा आणि पूर्ण वाळेपर्यंत बांधून ठेवावा. दांडा आणि कडे यांच्या जोडाजवळ गाठ येईल असा बांबू निवडला तर अर्धी कटकट मिटते.

बोयासाठी मोरपिसाची नळी किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड चालते. मोर हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित पक्षी आहे, तेव्हा आपोआप गळलेलेच पीस घ्यावे. नळीची कापलेली टोके न बुजवल्यामुळे बोया तासाभरात जड होऊन बुडतो, एवढाच त्यातला नेहमीचा दोष.

करंडी सैल पडते याचे कारण बहुधा ओल्या हिरव्या कामट्यांत असते. विणताना त्या घट्ट बसतात आणि वाळल्यावर आकसून जागा सोडतात. कामट्या आधी वाळवून, विणण्यापूर्वी थोड्या वेळापुरत्या भिजवून घ्याव्यात. उभ्या कामट्या सालीकडच्या घ्याव्यात, आडव्या विणीत पोटाकडच्या मऊ कामट्या चालतात. खाडीवरून आल्यावर करंडी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत उलटी टांगावी. मिठाचा थर हवेतली ओल ओढून घेतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

तरीही बिघाड झाला, तर आधी तो कोणता आहे हे पाहावे. काठीखाली पिठासारखी भुकटी दिसली तर ती काठी ताबडतोब इतरांपासून वेगळी करावी. लहान वस्तू असेल तर अर्धा तास पाण्यात उकळून पुन्हा सावलीत वाळवावी, आणि लांब काठीची लागण झालेली पेरे कापून टाकावीत. काठी एका बाजूला वाकून राहिली असेल तर ती भिंतीला टेकवून ठेवण्याची सवय तपासावी. पुन्हा आच दाखवून सरळ करता येते, पण पुढे ती शेंड्याला दोरा बांधून टांगावी. दोन तुकड्यांच्या काठीचा पितळी नळीचा जोड अडकला तर पिळू नये, कारण पिळल्याने तंतू तुटतात. वाळू द्यावे, दोघांनी सरळ रेषेत ओढावे आणि पुढच्या वेळी जोडाला मेणबत्ती घासून मगच काठी जोडावी. ओली काठी खांद्यावर उभी धरून विजेच्या तारांखालून जाऊ नये, कारण ओला बांबू वीज वाहतो.

उभी चीर दोन गाठींच्या आतच थांबली असेल तर तिच्यात इपॉक्सी भरून वरून आवळण केल्यास काठी आणखी काही हंगाम चालते. चीर गाठ ओलांडून पुढे गेली असेल, तर त्या काठीवर तांबोशीसारखा मासा खेळवण्याचा मोह सोडावा आणि चिरेच्या अलीकडे-पलीकडे गाठी पाहून करवत चालवावी. चांगल्या उरलेल्या बुडाच्या दोन बेळक्या होतात आणि शेंड्याचा तुकडा तंगूस गुंडाळायला कामी येतो.