रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना या चुका टाळा

मिरजेत औषधाच्या दुकानात उभं राहिलं की जत, आटपाडी, तासगावकडचे पेशंट रोज भेटतात. कुणाची हृदयाची झडप बदललेली, कुणाच्या पायात गुठळी झालेली, कुणाचे ठोके अनियमित. वॉरफरिन किंवा असिनोकुमेरॉल ही रक्त पातळ करणारी गोळी हे लोक वर्षानुवर्षं इमानेइतबारे घेतात. घोळ होतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी औषधामुळे.

सगळ्यात घातक सवय म्हणजे सुई. उसाच्या फडात किंवा द्राक्षबागेत कंबर धरली की माणूस गावातल्या दवाखान्यात जातो आणि म्हणतो, "डॉक्टर, एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय." ती सुई बहुधा डायक्लोफिनॅकची असते. तिचे तोटे दोन. या जातीची वेदनाशामकं जठराच्या अस्तराला इजा करतात आणि प्लेटलेटचं, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या कणांचं, कामही मंदावतात, त्यामुळे पोटात रक्तस्राव व्हायला आयतं निमित्त मिळतं. शिवाय स्नायूत सुई टोचली की आतल्या आत रक्त साचतं आणि कुल्ला काळानिळा होऊन सुजतो. आयबुप्रोफेनच्या गोळीचंही तेच. म्हणून दवाखान्यात शिरताच, काय दुखतंय ते सांगायच्या आधी, "मला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे" हे सांगा. दुखण्यावर पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरं, पण तेही रोज भरपूर प्रमाणात आठवडाभर घेतलं तर आयएनआर वाढतो. आयएनआर म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा तपासणीतला आकडा; तो जितका जास्त, तितका रक्तस्रावाचा धोका जास्त.

जुलाबावर सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोल वॉरफरिनचा परिणाम चांगलाच वाढवतं. लघवीच्या जंतुसंसर्गावरचं कोट्रायमोक्साझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल यांचंही तसंच. असं औषध टाळता येत नसेल तर तीन-चार दिवसांत आयएनआर करून घ्या, कोर्स संपायची वाट बघू नका. टीबीचं रिफॅम्पिसिन मात्र उलटं वागतं. त्यानं गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. टीबीचा कोर्स संपल्यावर तो वाढवलेला डोस तसाच चालू राहिला, तर पुढच्या काही आठवड्यांत आयएनआर चढत जातो. ही गोष्ट पेशंटच्या लक्षात राहत नाही, आणि टीबीचा आणि हृदयाचा डॉक्टर वेगळा असेल तर कधी कधी डॉक्टरांच्याही.

आता आमच्याच धंद्यातली एक खोड. पाच गोळ्या मागितल्या की दुकानदार कात्री घेतो आणि पट्टी कापतो. नाव छापलेला कोपरा दुकानात राहतो आणि पेशंटच्या हातात नुसता चंदेरी तुकडा येतो. असिनोकुमेरॉल 1, 2, 3, 4 मिलिग्रॅममध्ये मिळतं. घरात आधीचा 2 चा तुकडा आणि आत्ताचा 4 चा तुकडा एकाच डबीत पडले, की सोमवारी अर्धी आणि मंगळवारी पाऊण या हिशोबाला अर्थच उरत नाही. पूर्ण पट्टी मागा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. डॉक्टरांनाही "दोन गोळ्या घेतो" असं न सांगता किती मिलिग्रॅम घेतो ते सांगा.

आयएनआर बहुतेकांसाठी 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात, मायट्रल जागी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांच्या मध्ये, धातूची झडप असेल तर साधारण 2.5 ते 3.5. रिपोर्टवर पीटीचे, म्हणजे रक्त गोठायला लागलेल्या वेळेचे, सेकंद वेगळे असतात, फोनवर तो आकडा वाचून दाखवू नका. वॉरफरिनचा डोस बदलल्यावर खरा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे आज आकडा जास्त आला म्हणून मनानं गोळी बंद आणि परवा कमी आला म्हणून दोन, असं केलं की आकडा झोके खात राहतो. काही जण तर "रिपोर्ट नॉर्मल आला" म्हणून गोळीच सोडतात. तो नॉर्मल येतो तो गोळीमुळेच!

वारीला लोणंद-फलटणच्या वाटेवर एखादी गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दुप्पट घेऊ नका, वहीत नोंद करा.

मेथी-पालकात व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या उलट काम करतं, पण त्याची भीती उगाच मोठी केलेली आहे. भाजी बंद करू नका, प्रमाण सारखं ठेवा. 2007 साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, ज्यांचा आयएनआर कारण नसताना वरखाली होत होता त्यांना रोज 150 मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के दिलं, तर आकडा उलट स्थिरावला.

"आता तपासणी न लागणारी नवी गोळी आली आहे, ती द्या," असंही लोक सांगतात. अनियमित ठोक्यांच्या अनेक पेशंटसाठी त्या गोळ्या खरोखर चांगल्या आहेत. पण धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रान ही नवी गोळी वापरून बघणारा रिअलाइन अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. सांधेतापानं झडप खराब झालेले पेशंट आपल्याकडे पुष्कळ. अशा साडेचार हजार लोकांवर, भारत धरून 24 देशांत, इन्व्हिक्टस अभ्यास झाला. 2022 मध्ये निकाल आला तेव्हा रिव्हरोक्सॅबॅन या दुसऱ्या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनच्या जुन्या गटाच्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले होते. शेजाऱ्याची गोळी बदलली म्हणून आपली बदलायची नाही. आणि नवी गोळी असेलच, तर ती चुकवायला वाव आणखी कमी, कारण तिचा अंमल दिवसभरात ओसरतो. रिव्हरोक्सॅबॅनची 15 किंवा 20 ची गोळी जेवणासोबत घ्यायची असते, तेव्हा एकादशीला काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही आणि आठवड्याच्या डबीत काढूनही ठेवायची नाही, तिला दमट हवा चालत नाही.

दात काढायचा म्हणून परस्पर गोळी बंद करणारेही खूप. साधा एखादा दात आयएनआर मर्यादेत असेल तर बहुधा गोळी चालू ठेवूनच काढतात. मोठ्या ऑपरेशनआधी गोळी थांबवून मधल्या काळात हेपरिनची, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्याच औषधाची, इंजेक्शनं द्यायची पद्धत होती. अनियमित ठोक्यांच्या 1,884 पेशंटवर ती ब्रिज अभ्यासात तपासली गेली. 2015 च्या निकालात इंजेक्शन घेतलेल्यांत मोठा रक्तस्राव 3.2 टक्के, न घेतलेल्यांत 1.3 टक्के, आणि गुठळ्यांत मात्र काही फायदा नाही. धातूच्या झडपेचे पेशंट त्या अभ्यासात नव्हते, त्यामुळे त्यांनी हा आकडा स्वतःला लावून घेऊ नये.

काळी शी, लाल लघवी, न थांबणारा घोळणा दिसला तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. गाडीवरून पडून किंवा न्हाणीघरात घसरून डोक्याला मार लागला आणि काही दुखत नसलं, तरी सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात त्याच दिवशी जा. सोबत गोळ्यांच्या पट्ट्या आणि आयएनआरची वही न्या.